मर्ल ओबेरॉन : जन्म मुंबईचा, पत्ता टास्मानियाचा



स्मरणिकेच्या संपादक मंडळाने मला सांगितलं होतं की आठवणींचे लेख भरपूर आले आहेत, तू एखादं चरित्र लिही. आपल्यापैकी बऱ्याच जणांना जुने इंग्रजी चित्रपट आवडतात, विशेषतः १९३० ते १९५० या काळातल्या कृष्णधवल रोमँटिक कॉमेडी. गैरसमज, भांडणं, रुसवेफुगवे आणि शेवटी लग्न. या चित्रपटांत नायक-नायिका कोण असू शकत होते आणि कोण असू शकत नव्हते, हा प्रश्न मला बरीच वर्षं पडलेला आहे. त्याचं उत्तर शोधताना एका अशा बाईपाशी येऊन थांबले की जिचा जन्म आपल्या मुंबईत झाला होता. तिचं नाव मर्ल ओबेरॉन.

मर्लचा जन्म १९ फेब्रुवारी १९११ रोजी मुंबईत झाला. कागदोपत्री नाव एस्टेल मर्ल ओब्रायन थॉम्पसन. वडील आर्थर थॉम्पसन हे इंग्लंडहून आलेले रेल्वेतले मेकॅनिकल इंजिनिअर. ते पहिल्या महायुद्धात सैन्यात गेले आणि तिकडेच वारले. तिला ज्या बाईने वाढवलं, त्या शार्लट सेल्बी मूळच्या सिलोनच्या, म्हणजे आजच्या श्रीलंकेच्या. वर्णाने सावळ्या, मिश्र वंशाच्या. मर्ल त्यांनाच आई म्हणत असे, आणि त्यांची मुलगी कॉन्स्टन्स ही आपली मोठी बहीण, असं तिला सांगितलेलं होतं. प्रत्यक्षात जन्मदाखल्यावर आई म्हणून कॉन्स्टन्सचं नाव होतं. कॉन्स्टन्स त्या वेळी स्वतःच अजून लहान मुलगी होती. घरची अब्रू राखण्यासाठी आजी आई झाली. त्या वर्षी पंचम जॉर्ज आणि राणी मेरी हिंदुस्थानात आले होते, म्हणून घरात मर्लला लाडाने क्वीनी म्हणत.

१९१७ मध्ये शार्लट तिला घेऊन कलकत्त्याला गेल्या. परिस्थिती बेताची होती. तरी मुलगी हुशार होती आणि तिला शिष्यवृत्तीवर ला मार्टिनिअर या मुलींच्या नामांकित शाळेत प्रवेश मिळाला. आपल्या स्मरणिकेत हा भाग मुद्दाम थोडा थांबून सांगते. वर्गातल्या मुली तिला तिच्या रंगावरून आणि आईवडिलांवरून टोचून बोलत. तिचा बाप कोण, आई अशी काळी कशी, हे प्रश्न रोजचेच. शेवटी तिने शाळा सोडली आणि पुढचं शिक्षण घरीच झालं. अँग्लो-इंडियन समाजाची तेव्हाची अडचण अशी होती की इंग्रज त्यांना आपलं मानत नसत आणि हिंदी लोकही आपलं मानत नसत. रेल्वे, तार, टेलिफोन अशा खात्यांत नोकऱ्या मिळत, क्लबात मात्र मागच्या दाराने प्रवेश.

क्वीनीही टेलिफोन ऑपरेटर झाली. कलकत्त्याच्या हौशी नाट्यसंस्थेत कामं करू लागली. दिसायला अतिशय देखणी, इंग्रजी बोलणं चोख. एका परदेशी माणसाशी तिची ओळख झाली, तो तिच्यात गुंतलाही. चरित्रकार सांगतात की तो एकदा घरी आला, शार्लटना पाहिलं, आणि मग त्याने काढता पाय घेतला. जाताना एवढं केलं की फ्रान्समधल्या एका चित्रपट दिग्दर्शकाशी ओळख करून देण्याचं आश्वासन दिलं. १९२० च्या दशकाच्या अखेरीस मायलेकी बोटीने युरोपला गेल्या. तिथे किरकोळ काम मिळालं, मग लंडन, मग एका नाइट क्लबमध्ये नोकरी आणि चित्रपटांत गर्दीतली कामं.

लंडनमध्ये तिला अलेक्झांडर कोर्डाने हेरलं. हा हंगेरीहून आलेला निर्माता-दिग्दर्शक. १९३३ च्या त्याच्या ‘द प्रायव्हेट लाइफ ऑफ हेन्री द एट्थ’ या चित्रपटात तिने अ‍ॅन बोलिनचं छोटं काम केलं आणि लोकांच्या नजरेत भरली. पुढच्याच वर्षी ‘द स्कार्लेट पिंपर्नेल’मध्ये नायिका झाली. क्वीनी थॉम्पसनची आता मर्ल ओबेरॉन झाली होती. आणि कोर्डाच्या प्रसिद्धी खात्याने तिला नवा जन्मही दिला. ही मुलगी टास्मानियातल्या होबार्टची, चांगल्या गोऱ्या घराण्यातली, वडील वारल्यावर नातेवाइकांकडे हिंदुस्थानात राहिलेली, असं छापून येऊ लागलं. टास्मानिया इतकं लांब की कोणी चौकशीला जाणार नव्हतं.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते, त्यामुळे मला हे नोंदींच्या भाषेत पटकन कळतं. डेटाबेसमध्ये एखादी मूळ नोंद बदलली की तिला जोडलेल्या सगळ्या नोंदी बदलाव्या लागतात, नाहीतर कुठेतरी विसंगती बाहेर येतेच. जन्मगाव बदललं म्हणजे फक्त गावाचं नाव बदललं असं होत नाही. गाव बदललं की शाळा बदलते, शाळा बदलली की मैत्रिणी नाहीशा होतात. सावळी आई घरात असेल तर तिचं काय करायचं, हा प्रश्न उभा राहतो. बहीण, भाचे, मुंबईचे शेजारी, कलकत्त्याच्या ऑफिसातल्या मुली, सगळ्यांना आयुष्यातून पुसावं लागतं. मर्लने हे पुढची पंचेचाळीस वर्षं केलं.

तिने हे का केलं, हे समजायला त्या काळाचे नियम पाहावे लागतात. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात निकाल दिला होता की हिंदी माणूस कायद्याच्या दृष्टीने गोरा नाही, म्हणून त्याला नागरिकत्व मिळणार नाही. हिंदुस्थानातून अमेरिकेत स्थायिक व्हायला येण्याची वाट १९१७ च्या कायद्यानेच जवळपास बंद झाली होती. ती १९४६ मध्ये थोडीशी उघडली, तीही वर्षाला शंभर माणसांपुरती. हॉलिवूडच्या आचारसंहितेत गोऱ्या आणि काळ्या माणसांमधले प्रेमसंबंध पडद्यावर दाखवायला बंदी होती. १९३४ पासून ही संहिता कडकपणे पाळली जाऊ लागली. खुद्द कॅलिफोर्नियात गोऱ्यांच्या काळ्या आणि काही आशियाई वंशांच्या माणसांशी होणाऱ्या विवाहांना १९४८ पर्यंत कायद्याने मनाई होती. ज्या चित्रपटाचा शेवटच लग्नात व्हायचा, त्याची नायिका गोरी असणं त्यामुळे ठरलेलंच होतं. चिनी वंशाची अ‍ॅना मे वाँग ही तेव्हाची मोठी नटी. पण ‘द गुड अर्थ’ या चिनी शेतकऱ्याच्या कथेत नायक गोरा नट होता, म्हणून चिनी बायकोचं कामही गोऱ्या लुईस रायनरला मिळालं आणि तिला त्यासाठी ऑस्करही मिळालं.

कोर्डाच्या पदरी त्याच वेळी आणखी एक हिंदी कलाकार होता, साबू. म्हैसूर संस्थानातल्या माहुताचा मुलगा. १९३७ च्या ‘एलिफंट बॉय’मुळे तो जगभर गाजला. साबू हिंदी आहे ही गोष्ट कंपनीने लपवली तर नाहीच, उलट तीच त्याची जाहिरात केली. हत्तीवर बसलेला, फेटा बांधलेला, उघड्या अंगाचा हिंदी मुलगा लोकांना हवा होता. मात्र सूट घालून लंडनच्या हॉटेलात एखाद्या मुलीच्या प्रेमात पडणारा साबू कोणी कल्पिला नसता. एकाच कंपनीत एकाला हिंदी असण्याचे पैसे मिळत होते आणि दुसरीला हिंदी नसण्याचे.

मर्लचं सुरुवातीचं एक काम तर फारच गमतीचं आहे. १९३४ च्या ‘द बॅटल’मध्ये ती जपानी सरदाराची बायको झाली. म्हणजे आशियात जन्मलेली मुलगी, गोरी म्हणून वावरणारी, आशियाई बाईचं सोंग घेऊन पडद्यावर आली. पुढे अमेरिकेत निर्माता सॅम्युअल गोल्डविनने तिला साध्या इंग्रज मुलीच्या भूमिकेत आणलं. १९३५ च्या ‘द डार्क एंजल’साठी तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्कर नामांकन मिळालं. बक्षीस त्या वर्षी बेट्टी डेव्हिसला गेलं.

आता तिच्या रोमँटिक कॉमेडींकडे येते. मला त्या पुन्हा पाहताना एक गोष्ट जाणवली. १९३८ चा ‘द डिव्होर्स ऑफ लेडी एक्स’ हा कोर्डाच्याच कंपनीचा रंगीत चित्रपट. लंडनमध्ये दाट धुकं पडलेलं, पार्टीला आलेल्या लोकांना हॉटेलातच मुक्काम करावा लागतो. मर्ल एका तरुण बॅरिस्टरची खोली हुशारीने बळकावते. हा बॅरिस्टर म्हणजे लॉरेन्स ऑलिव्हिए. ती आपलं नाव सांगत नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे एक लॉर्ड घटस्फोटाची केस घेऊन येतो आणि बॅरिस्टरला वाटतं, कालची बाई म्हणजे याचीच बायको. ती अविवाहित आहे, चांगल्या घरची आहे, एका न्यायाधीशाची नात आहे. पण ती त्याचा गैरसमज दूर करत नाही, मजा पाहते.

त्याच वर्षी अमेरिकेत आलेला ‘द काउबॉय अँड द लेडी’. यात ती एका बड्या राजकारणी माणसाची मुलगी. घरातल्या मोलकरणींबरोबर ती काउबॉय मंडळींना भेटायला जाते आणि आपणही मोलकरीणच आहोत असं सांगते. दारुडा बाप आणि धाकट्या बहिणी पोसायच्या आहेत, अशी थापही मारते. गॅरी कूपरचा भोळा काउबॉय तिच्याशी लग्न करतो. मग खरं बाहेर येतं, तो दुखावतो, आणि शेवटी सगळं गोड होतं.

दोन्ही चित्रपटांत नायिका आपण कोण ते लपवते. दोन्हीत लपवणं हा खेळ आहे आणि खरं कळल्यावर नायक तिला जवळ करतो. मर्लने हे खेळ पडद्यावर फार सहज खेळले आहेत. भुवई किंचित उचलणं, उत्तर द्यायच्या आधी क्षणभर थांबणं, यात तिचा हातखंडा होता. पण पडद्यावरची थाप पकडली गेली तर फार तर एक भांडण होणार होतं. तिची स्वतःची थाप पकडली गेली असती तर काम, करार, लग्न, सगळंच गेलं असतं. आणि पडद्यावरची मुलगी वर असून खाली असल्याचं सांगते, म्हणून प्रेक्षक हसतात. उलट दिशेच्या थापेवर विनोदी चित्रपट कोणी काढत नव्हतं.

१९४१ चा ‘अफेक्शनेटली युअर्स’ हा मात्र तसा सुमारच चित्रपट. परदेशी हिंडणारा बातमीदार, त्याला कंटाळून घटस्फोट घेणारी बायको, मग पुन्हा तिचं मन वळवण्याची त्याची धडपड. तरी मी तो आवर्जून पाहा म्हणेन, कारण त्यात एकाच घरात तीन बायका दिसतात. घराची मालकीण मर्ल. तिच्याशी स्पर्धा करणारी रीटा हेवर्थ. आणि स्वयंपाकघरात हॅटी मॅकडॅनिएल.

रीटाचं मूळ नाव मार्गारिटा कान्सिनो, वडील स्पेनहून आलेले नर्तक. मूळ नाव आणि काळे केस यांमुळे तिला परदेशी मुलींचीच कामं मिळत. मग आडनाव आईकडचं घेतलं, केस रंगवले आणि कपाळावरचे केस विजेच्या उपचाराने कायमचे काढून कपाळ रुंद केलं. त्यानंतर ती नायिका झाली. हॅटीला असं काहीच करता येण्यासारखं नव्हतं. तिचे आईवडील गुलामगिरीत जन्मलेले. १९४० मध्ये ‘गॉन विथ द विंड’साठी तिला ऑस्कर मिळालं, ते मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय कलाकार. त्या समारंभात तिला सहकलाकारांपासून वेगळ्या टेबलावर बसवलं होतं. आणि पुढच्याच वर्षी ती या चित्रपटात मर्लच्या घरची स्वयंपाकीण होती. ज्या बाईचा वंश कॅमेऱ्याला दिसत होता ती स्वयंपाकघरात राहिली, जिचा झाकता आला ती दिवाणखान्यात बसली. त्या काळच्या रोमँटिक कॉमेडीत वेगवेगळ्या वंशांची माणसं नव्हतीच, असं आपण म्हणतो. ती होती. काही मोलकरणीच्या वेशात होती आणि काही ओळखू येणार नाहीत अशी.

मर्लच्या स्वतःच्या घरातही अशीच मांडणी होती. शार्लट तिच्याबरोबर राहत, पण पाहुण्यांना त्या घरातल्या नोकर म्हणून भेटत, असं तिचे चरित्रकार सांगतात. काउबॉयच्या चित्रपटात नायिका मोलकरणीचं सोंग गंमत म्हणून घेते. इथे आई ते रोज घेत होती. १९३७ मध्ये शार्लट वारल्या. पुढे १९४९ मध्ये मर्लने एका जुन्या फोटोवरून त्यांचं तैलचित्र करून घेतलं आणि चित्रकाराला त्यांचा रंग उजळ करायला लावला. ते चित्र ती जिथे राहिली त्या प्रत्येक घरात शेवटपर्यंत होतं. मला यात नुसती लाज दिसत नाही. आईला भिंतीवर, सगळ्यांसमोर, आई म्हणून लावण्याचा तिला सापडलेला हा एकच मार्ग होता. तो वाईट होता, हेही तितकंच खरं.

१९३७ मध्येच लंडनला तिला मोठा मोटार अपघात झाला आणि चेहऱ्यावर व्रण राहिले. १९४० मध्ये सौंदर्यप्रसाधनं आणि सल्फा औषधं यांच्या दुष्परिणामांनी कातडी खराब झाली. न्यूयॉर्कला जाऊन अनेकदा त्वचा घासून घेण्याचे वेदनादायक उपचार करावे लागले. कोर्डाशी तिने १९३९ मध्ये लग्न केलं होतं. १९४२ मध्ये त्याला ‘सर’ किताब मिळाला आणि कलकत्त्याची टेलिफोन ऑपरेटर लेडी कोर्डा झाली. ते लग्न १९४५ मध्ये मोडलं आणि तिने कॅमेरामन लुसियन बॅलर्डशी लग्न केलं. बॅलर्डने ‘द लॉजर’च्या वेळी तिच्यासाठी एक छोटा दिवा तयार केला होता. तो कॅमेऱ्याच्या भिंगाजवळच बसवायचा. प्रकाश अगदी समोरून पडला की खळग्यांत सावली पडत नाही आणि व्रण दिसत नाहीत. या दिव्याला तिच्या नावावरून ‘ओबी’ म्हणतात. उपाय म्हणून तो मला फार आवडतो. साधा, नेमका, काम करणारा.

पुढे एका इटालियन-मेक्सिकन उद्योगपतीशी लग्न, दोन दत्तक मुलं, मेक्सिकोत मोठं घर, मग चौथं लग्न. कामं कमी होत गेली. दरम्यान मुंबईत कॉन्स्टन्सच्या एका मुलाला सरकारी दप्तरात मर्लचा जन्मदाखला सापडला आणि ती आपली मावशी नसून बहीण आहे, हे त्याला कळलं. तो तिला भेटायला लॉस एंजेलिसला गेला. तिने भेट नाकारली.

आणि मग १९७८ साल. होबार्ट शहराने आपल्या या प्रसिद्ध कन्येचा नागरी सत्कार ठरवला. तिचा जन्म इथे झाल्याची कसलीच नोंद नाही, हे महापौरांना ऐनवेळी समजलं होतं, तरी सत्कार रद्द केला नाही. समारंभात तिने आपण टास्मानियात जन्मलो नाही असं सांगितलं, मग बरं वाटत नसल्याचं कारण काढून ती निघून गेली. जिथे ती कधीच वाढली नव्हती त्या गावचे लोक तिला आपली म्हणत होते. जिथे वाढली होती त्या गावांना ते म्हणायची सोयच तिने ठेवली नव्हती. पुढच्या वर्षी, २३ नोव्हेंबर १९७९ रोजी, कॅलिफोर्नियात तिचं निधन झालं.

१९८३ मध्ये तिचं चरित्र प्रसिद्ध झालं आणि तिच्या जन्माची हकिगत जगाला कळली. २०२३ मध्ये मिशेल योह हिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं नामांकन मिळालं तेव्हा ती या गटातली पहिली आशियाई का, यावर चर्चा झाली. कारण ८७ वर्षांपूर्वी मर्लला ते मिळालेलं होतं. शेवटी बऱ्याच ठिकाणी असं लिहिलं गेलं की स्वतःला उघडपणे आशियाई म्हणवणारी मिशेल पहिली. मर्लच्या आयुष्याची सगळी अडचण त्या ‘उघडपणे’ या शब्दात आली.

तिला खोटारडी म्हणणं सोपं आहे. पण त्या खोट्याची अट तिने घातली नव्हती. तिने फक्त पाहिलं होतं की खरं सांगणाऱ्यांना कुठे बसवतात. शिकवणाऱ्यांना आणि शिकणाऱ्यांना लक्षात ठेवण्यासारखं हे की तिला हे पहिल्यांदा हॉलिवूडने शिकवलं नाही. ते ती कलकत्त्याच्या वर्गातच शिकून आली होती.

आपल्या वर्गातूनही काही मुलंमुली वर्षाच्या मधेच दिसेनाशी झाली होती. कोणाच्या बोलण्यावर हसणं होई, कोणाच्या आडनावावर, कोणाच्या डब्यावर, कोणाच्या घरावर. हजेरी घेताना एक दिवस त्यांचं नाव पुकारलं जात नसे आणि आपण पुढच्या नावाला हजर म्हणत असू. संमेलनाच्या यादीत दहावीच्या निकालातली नावं आहेत. माझी संपादक मंडळाला विनंती आहे की पाचवीच्या हजेरीपटातली नावंही तिला जोडावीत. ज्यांना कोणाचा ठावठिकाणा माहीत असेल त्यांनी जरूर कळवावा. ती मंडळी आली तर छानच. नाही आली, तरी त्यांची नावं आपल्या यादीत असायला हवीत.